गुरुवारचा गप्प माणूस

माझ्या बायकोला दर गुरुवारी दुपारी दोन वाजता पुण्याच्या एका माणसाचा फोन यायला लागला, आणि तो माणूस फोनवर बोलतच नसे. एवढंच कोणाला सांगितलं तर कोणत्याही नवऱ्याचं डोकं फिरेल. माझंही फिरलं.

तसा तो अगदीच मुका नव्हता. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प व्हायचा. मिनिटभर, दीड मिनिट. पहिल्यांदा मला वाटलं, लाइन तुटली. आमच्या केशोरीकडच्या गावात लाइन तुटणं काही नवं नाही. घरात रेंज येते ती फक्त मागच्या पडवीत, धानाच्या ढोलीजवळ, तीही भिंतीला टेकून बसलं तर. त्यातून बायकोचा फोन मागच्या वर्षी बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, चिखलात पडला, तेव्हापासून कानाला लावला तर आवाज येत नाही, स्पीकरच लावावा लागतो. म्हणून तर मला ऐकू यायचं. मी मुद्दाम ऐकत नव्हतो, असं पहिल्या गुरुवारपुरतं म्हणता येईल.

तर लाइन तुटलेली नसायची. तो तिकडे बसलेलाच असायचा, आणि ही इकडे भिंतीला टेकून गप्प. दोन माणसं फोन लावून नुसती बसून राहतात, याचा माणसानं काय अर्थ लावायचा? भांडत असती तर समजलं असतं. हसत असती तरी समजलं असतं, मग मी काय केलं असतं ते सोडा.

हा माणूस आमच्या घरात कसा शिरला ते सांगतो. बायको एका संस्थेत काम करते. गावोगावच्या बायकांचे शेतीचे गट बांधायचे, त्यांना बी-बियाण्याचं, खताचं शिकवायचं, असं ते काम. आधी फक्त आमच्या गावापुरतं होतं, मग अर्जुनी मोरगाव तालुका तिच्याकडे आला. या वर्षी संस्थेनं तिला जिल्ह्याची जागा देऊ केली. जिल्हा म्हणजे गोंदिया, आणि गोंदिया म्हणजे तिथंच खोली करून राहणं. आमच्याकडून अर्जुनीपर्यंत बस, तिथून रेल्वे, हे रोजचं जाणं-येणं माणसाच्यानं होत नाही. मुलगी शिकायला नागपूरला. आई-बाबा दोघेही गेले. म्हणजे ही गेली की घरात मी आणि दोन बैल.

उत्तर द्यायला संस्थेनं तिला महिन्याची मुदत दिली, आणि नीट विचार करता यावा म्हणून चार गुरुवार एक कोच दिला. कोच म्हणजे मला कबड्डीचा ठाऊक, शिट्टी वाजवून ओरडणारा. हा कोणता कोच, जो ओरडत नाही, सांगत नाही, सल्ला देत नाही? मी तिला विचारलंही, "तो करते काय?" ती म्हणाली, "प्रश्न इचारते." "आन मंग?" "मंग थांबते." थांबायचे पैसे मिळतात हे मला माहीत असतं तर मी बापजन्मी नांगर धरला नसता.

खरं म्हणजे माझ्या दृष्टीनं विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. संस्थेचं पत्र आलं त्याच दिवशी जेवताना मी तिला विचारलं होतं, "जायचं नाही ना गोंदियाले?" ती माझ्या ताटात भात वाढत होती. बोलली नाही. मी भात संपवला, हात धुतला आणि उठलो. विषय संपला. दोन दिवसांनी तिच्या संस्थेच्या सरांचा फोन माझ्या मोबाइलवर आला, तिचा लागत नव्हता म्हणून. "ताईंचं काय ठरलं?" मी सांगून टाकलं, "नाही म्हनते जी ते. घरचं पाहा लागते न." सर म्हणाले, "असं का? बरं." मी फोन ठेवला. बायकोला काही बोललो नाही. ठरलेल्या गोष्टीचं पुन्हा काय बोलायचं, असं मी स्वतःला समजावलं.

आता बघा, नकार कळवून झाला होता. तरी गुरुवारी कोचचा फोन आलाच. का आला? ज्या बाईनं नाही म्हटलं तिला विचार करायला माणूस कशाला लागतो? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एक तर सर आणि हा कोच मिळून तिला फूस लावत होते. नाहीतर हा माणूस संस्थेचा नव्हताच. हल्ली फोनवर काय काय चालतं ते आपण रोज ऐकतो. गोड बोलून लोकांची खाती साफ करतात. पण हा तर गोडही बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संशय आला. झाकली मूठ सव्वा लाखाची. जो आपली मूठ उघडत नाही त्याच्या मुठीत काहीतरी असणारच.

पहिल्या गुरुवारी मी पाणी प्यायच्या निमित्तानं पडवीत गेलो आणि व्हिडिओ कॉल होता म्हणून फोनच्या पडद्याकडे तिरका बघून आलो. म्हातारा निघाला. पांढरी दाढी, जाड चष्मा, मागे पुस्तकांची फळी. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. म्हातारी मांजरंसुद्धा डोळे मिटून दूध पितात. मी मनातल्या मनात त्याचं नाव मुका मास्तर ठेवलं.

दुसऱ्या गुरुवारी मी फवारणीचा पंप खोलून भिंतीच्या अलीकडे बसलो. पंपाला काहीही झालं नव्हतं. मास्तरनं विचारलं, "या निर्णयात तुमच्यासाठी महत्त्वाचं काय आहे?"

"घर," बायको म्हणाली.

तो गप्प.

"पोरगी."

पुन्हा गप्प. मग म्हणतो, "आणखी काय?"

आणखी काय म्हणजे? घर झालं, पोरगी झाली, आता काय लोणचं-पापड पाहिजे? मी पंपाचा नॉझल हातात धरून वाट बघत राहिलो. ढोलीवरून चिमण्या उडाल्या, परत आल्या. बायको बोलेना, मास्तर बोलेना.  वाटलं, भिंतीआडून डोकं काढून मीच काहीतरी बोलावं. आणि तेवढ्यात ती म्हणाली, "मी बोलाले उभी झाली का बाया आयकतात. दूरदूरच्या बाया. ते मले बहुत आवडते जी."

बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. माझ्या घरातलं वाक्य, माझ्या ढोलीखाली इतकी वर्षं पडलेलं, आणि ते काढून नेलं कोणी, तर पुण्याच्या म्हाताऱ्यानं, नुसतं बसून.

ही युक्ती मला नवी नव्हती. एकदा शेजारच्या शेतातला पाण्याचा पंप चोरीला गेला, तेव्हा मला साक्षीला ठाण्यात बोलावलं होतं. साहेबानं एकच विचारलं, "त्या दिवशी तुम्ही शेतात होता?" मी हव, म्हणजे हो, म्हटलं. साहेब चहा पीत बसला. माझ्याकडे बघतही नव्हता. चहा संपेना, आणि मला ती शांतता सोसेना. शेवटी मी न विचारता सांगून बसलो की विजेच्या तारेवर माझाही आकडा आहे. चोर सापडला नाही, माझा आकडा मात्र निघाला. तेव्हापासून मी पक्कं ठरवून ठेवलंय की विचारून गप्प बसणारा माणूस पोलीस असतो, मग अंगावर खाकी असो की नसो. आणि पोलिसाला कोणीतरी गुन्हेगार लागतोच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. सरांना परस्पर दिलेला तो नकार मला झोपेतही टोचायला लागला. हा मास्तर असाच आणखी काय, आणखी काय करत तिथपर्यंत पोचला तर?

त्याच आठवड्यात आमच्या तलावाची सभा होती. आमच्या पूर्वजांनी खोदलेला तलाव आहे. पाणी वाटायच्या कमिटीचा अध्यक्ष आधी बाबा होते, आता मी. धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, आला की शेवटचं पाणी द्यायचं असतं, आणि कोणाच्या बांधीला आधी, कोणाच्या नंतर, हे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून ठरतं. आमची जुनी रीत अशी की अध्यक्षानं क्रम सांगायचा आणि मग तीनदा विचारायचं, "कोनाले काई म्हनायचं हाये?" तीन वेळा कोणी बोललं नाही तर सगळ्यांचा होकार. मग तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडायला माणूस जातो, आणि नंतर तोंड उघडायची कोणाला मुभा नाही. मी तीन बोटं मोजतो आणि उठतो. माझी सभा दहा मिनिटांत संपते, याचा मला अभिमान होता.

त्या दिवशी मला खोडी सुचली. म्हटलं, बघू या मुक्या मास्तरचं औषध आपल्या लोकांवर चालते का. बायकांवर चालत असेल, धान पिकवणाऱ्या गड्यांवर काय चालणार? क्रम सांगितला, एकदाच विचारलं आणि गप्प बसलो.

लोक आधी तुडुमाकडे निघाले, मग थांबले. एकानं मोबाइल काढला. एक जण म्हणाला, "अध्यक्ष, तब्येत बरी हाये ना?" सगळे हसले. मी बोललो नाही. हसणं संपलं. मग ती शांतता अशी वाढत गेली की मला पाळीवरचा मुंग्यांचा रस्ता दिसायला लागला. शेवटी अगदी मागे बसलेला एक म्हातारा उभा राहिला. त्याची जमीन पाटाच्या शेवटच्या टोकाला आहे.

"मी बोलू का?"

"बोला न."

"तीन सालापासून माह्या बांधीत शेवटचं पानी पोचलं नाही."

"मंग आजवर बोलले काऊन नाही बापा?" मी चिडलोच.

"तुमी इचारता, पन थांबत नाही. मी उठून उभा होतो तं तुमचे तीन बोटं मोजून झाले राहतात."

झालं! त्याच्या मागून दुसरा उठला, मग तिसरा. सूर्य बुडेपर्यंत भांडण चाललं. कोणाच्या बापानं पाट कधी वळवला इथपर्यंत गोष्ट गेली. शेवटी ठरलं की या वर्षी पाणी खालच्या टोकापासून सुरू करायचं, आणि तुडुमाजवळच्यांना, म्हणजे मला, सगळ्यात शेवटी. मी घरी येईपर्यंत त्या मास्तरला शिव्या देत होतो. पुण्यात खुर्चीवर बसून त्यानं माझ्या तलावाचं तुडूम उघडलं होतं. तरी म्हाताऱ्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना.

तिसऱ्या गुरुवारी मी पंपबिंप काही घेतला नाही. सरळ भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. पलीकडून ती टेकलेली, अलीकडून मी.

"घरी याबद्दल बोलणं झालं?" मास्तरनं विचारलं.

 आला हा पोलीस ठिकाणावर.

"हव. झालं," ती म्हणाली.

तो गप्प.

"म्हनजे त्यायनं इचारलं."

तो गप्पच. मेल्या, बोल न काहीतरी, मी मनात म्हटलं.

"मी काई बोलली नाही."

बऱ्याच वेळानं तो इतकंच म्हणाला, "त्या न बोलण्यात काय होतं?"

मला हसू यायला पाहिजे होतं. न बोलण्यात काय असणार? न बोलण्यात काही नसतं म्हणून तर त्याला न बोलणं म्हणतात. पण मला हसू आलं नाही. पलीकडे ती इतका वेळ गप्प होती की मला तिचा श्वास ऐकू यायला लागला. मग तिचा आवाज आला, अगदी हळू.

"जावाचं हाये, असं होतं त्यात. पन त्यायले एकटं टाकून जानं होईल का, असंबी होतं. दोन्ही एका वाक्यात कसं सांगाव, ते मी जुळवून राहिली होती. तेवढ्यात त्यायनं हात धुतला."

  मी तिथं बसून राहिलो, आणि मला स्वतःची अशी लाज वाटली की फोन संपल्यावर ती पडवीतून आत आली तर मी गोठ्यात जाऊन बैलांना वैरण टाकू लागलो, अर्ध्या तासापूर्वीच टाकलेली असताना. रागही होताच. नवऱ्याची गोष्ट परक्याला सांगावी लागते काय? पण मला सांगायला ती गेली असती तर मी तिथं होतो कुठं?

पुढचा आठवडाभर मी काय जेवलो, काय केलं, मला आठवत नाही. मुदत संपत आली होती. सरांनी एव्हाना दुसरं नाव पक्कं केलं असणार. शेवटच्या गुरुवारी ही मास्तरला हो सांगेल, सरांना फोन करेल आणि सर म्हणतील, ताई, तुमच्या घरून तर नकार आला. मग ती माझ्याकडे बघेल. ते बघणं मला नको होतं. मास्तर तिथपर्यंत पोचण्याआधी आपणच सांगावं, निदान तेवढा गुन्हा तरी त्याच्या हाती लागू नये. खरं सांगतो, माझा चांगुलपणा इतकाच होता.

त्या गुरुवारी सकाळी ती चुलीजवळ वांगी चिरत होती. मी भरलेला चहाचा कप खाली ठेवला आणि उभ्या उभ्या म्हटलं, "सरायचा फोन आला होता मले. पत्र आलं तवाच. मी सांगतलं का तू नाही म्हनते."

ती वांगी चिरत राहिली.

पूर्वीचा मी असतो तर लगेच पुढचं बोललो असतो. तुझ्याच भल्यासाठी, घरचं कोण बघणार, लोक काय म्हणतील. जिभेवर सगळं रांगेत उभं होतं. मी ते गिळलं आणि खाली बसलो. एक वांगं झालं. दुसरं झालं. ओरडेल तर ओरडू दे, विळी फेकेल तर फेकू दे, पण हे नको, असं मला झालं. तरी मी बसून राहिलो.

"मालूम हाये मले," ती म्हणाली.

"काय?"

"सरायनं मले त्याच दिवशी फोन केला. म्हने, ताई, तुमचा नकार तुमच्या मालकाच्या तोंडून काऊन आला? मी म्हनलं, माहा नकार नाही तो. महिनाभर थांबा."

म्हणजे जागा गेलीच नव्हती. म्हणून मास्तरचा फोन येत होता. महिनाभर मी ज्याला कट समजत होतो तो माझ्याच बायकोचा शब्द होता.

"मंग तू मले बोलली काऊन नाही? महिना होत आला!"

"तुमी सांगता का, पाहून राहिली होती."

माझा जुना संशय उसळलाच. "हे त्या म्हाताऱ्यानं शिकवलं ना तुले? गप राहून मानसाले पिळाचं?"

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्याले बिचाऱ्याले तं काईच मालूम नाही. तीन गुरुवार त्यानं आणखी काय, आणखी काय केलं, पन हे मी नाही सांगतलं. तुमची लाज त्याच्याजवळ कायले सांगू?"

 डोळ्यात पाणी आलं ते चुलीच्या धुरामुळे, असं मी म्हणणार नाही. ज्याच्यापासून मी तिला जपत होतो त्याच्यापासून ती मला झाकत होती.

"जाशील ना?" मी विचारलं. आणि थांबलो.

"जाईन. सोमवारी."

"आन मी आज सांगतलंच नसतं तं?"

तिनं चिरलेली वांगी पाण्यात टाकली, हात पदराला पुसले.

"तरी गेली असती," ती म्हणाली. "दर शनिवारी वापस येवाचं का नाही, ते आज ठरवनार होती." आणि माझा थंड झालेला चहा उचलून पुन्हा चुलीवर ठेवला.